लोंबतं बटण

कलाकृतींच्या नावांच्या पट्ट्या आणायला मुलगी बाहेर गेली आणि तेवढ्या दहा मिनिटांत वडिलांनी तिच्या प्रदर्शनातलं बटण शिवून टाकलं.

जाताना तिने त्यांना खुर्चीत बसवून बजावलं होतं, "बाबा, कशालाही हात लावू नका." तसं हात लावण्यासारखं तिथे फारसं नव्हतंच. भिंतीवर पाठीला पाठ लावलेले दोन चमचे, फटीत उभी खोचलेली झाडूची काडी आणि चौकटीत ताणलेलं पांढरं कापड. त्या कापडावर वीतभर दोऱ्याला लोंबणारं एक हिरवं बटण. चमच्यांकडे आणि काडीकडे वडिलांनी सहानुभूतीने पाहिलं. बटणाकडे मात्र त्यांना पाहवेना. चाळीस वर्षं चालवलेलं शिंप्याचं दुकान त्यांनी वर्षापूर्वी बंद केलं होतं, पण दोरा ओवलेली सुई अजून कॉलरच्या आत असायची. शिंप्याच्या पोरीचं काम आणि बटण सुटलेलं, लोक काय म्हणतील?

मुलगी परतली ती दारातच थबकली.

"बाबा, बटण?"

"बसवलं जागेवर," वडील समाधानाने म्हणाले. "आठ वेढे घेतलेत. आता हलायचं नाही."

"अहो, ते लोंबायलाच हवं होतं."

"मुद्दाम?"

"मुद्दाम. त्या दोऱ्याची लांबी ठरवायला मला महिना लागला."

वडिलांचा चेहरा उतरला. अकराला निवड समिती येणार होती. काम पसंत पडलं तर मुलीला वर्षभरासाठी स्वतंत्र खोली मिळणार होती. आजवर तिची सगळी कला स्वयंपाकघराच्या ओट्यावर, भांडी सरकवून चालायची.

"उसवतो की, त्यात काय," म्हणत त्यांनी खिशातून ब्लेड काढलं. पण त्यांच्या हातचं बटण सुटल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. गिऱ्हाइकांचे शर्ट विरले, बटणं राहिली. इथेही चौथ्या टाक्याला कापडच टर्रकन फाटलं.

वडिलांनी लगेच रफू करायला घेतलं. रफू असं बेमालूम झालं की फाटलं होतं कुठे ते सापडेना.

"आणि बटण?" मुलीने विचारलं.

"ते रफूत आणखी पक्कं झालं," वडील खालमानेने म्हणाले.

तेवढ्यात बाहेर पावलं वाजली. मुलीने घाईघाईने पट्ट्या चिकटवल्या आणि समितीच्या अध्यक्षबाई आत आल्या. चमचे झाले, काडी झाली. बटणापाशी त्या थांबल्या.

"अर्जातल्या फोटोत हे लोंबतंय."

मुलीने वडिलांकडे पाहिलं. वडील मात्र खालची पट्टी वाचत होते. तिच्यावर लिहिलं होतं, 'बाबा, आई गेल्यानंतर'. त्यांनी ती दोनदा वाचली आणि चष्मा पुसला.

"लोंबत होतं खरं," ते म्हणाले. "आत्ताच शिवलं मी."

अध्यक्षबाईंनी बटण बोटाने ओढून पाहिलं. ते हललं नाही. मग वाकून त्यांनीही पट्टी वाचली.

"खोली सोमवारपासून तुमची," जाताना त्या मुलीला म्हणाल्या. "आणि हे असंच ठेवा."

त्या गेल्यावर मुलीने प्रथमच बटण जवळून पाहिलं. खाली पेरभर दोरा लोंबत होता. असं टोक वडिलांनी जन्मात सोडलं नव्हतं.

"बाबा, दोरा कापायचा राहिलाय," म्हणत तिने कात्री उचलली.

"राहू दे," वडील म्हणाले. "तेवढं लोंबतंय अजून."