आतोबांच्या कपाटातली बादली

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो : बिअर मला कळते! पिणारे पुष्कळ असतात, कळणारे थोडे. शिवाय मी बावीस वर्षं औषधांच्या दुकानात उभा आहे. थेंब मोजून देणारा माणूस मी. अठरा लिटर बिअर घरच्या घरी बनवणं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ!

बनवायची वेळ आली ती एका मनगटामुळे. शहराच्या टोकाला, गोदामांच्या मागे एक छोटीशी ब्रुअरी आहे. तिचे मालक दाढीवाले वर्षातून एकदाच, हॉप्सच्या तोडणीला, एक खास बिअर करतात. हॉप्स म्हणजे वेलीला येणारी हिरवी बोंडं, पाकळीवर पाकळी मिटलेली. बिअरचा कडवटपणा त्यांचा आणि सुगंधही त्यांचाच. सकाळी तोडलेली बोंडं दुपारी हंड्यात पडतात, आणि ती बिअर जेमतेम तीन आठवडे मिळते. पहिल्या घोटाला लिंबाची साल, दुसऱ्याला नुकतंच तासलेलं लाकूड, आणि गिळल्यावर जिभेच्या मुळाशी असा कडूपणा, की मायेच्या माणसाने रुसून पाठ फिरवावी आणि चार पावलांवरून वळून बघावं!

यंदा दाढीवाले शिडीवरून पडले. मनगट प्लास्टरमध्ये, हंडे पालथे. माझा चेहरा पाहून त्यांनाच दया आली. त्यांनी मला बोंडांची पिशवी दिली, कृती लिहून दिली आणि एक वाकडी नळी दिली. "नळीत पाणी भरून बादलीच्या झाकणात बसवायची. आतला वायू बाहेर पडेल, बाहेरची हवा आत जाणार नाही. गुडुक, गुडुक वाजत राहील. वाजतंय तोवर समजायचं, जीव आहे."

जीव आहे! तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

अडचण एकच होती, बायको. गेल्या वर्षी माझ्या तीन बाटल्या स्वयंपाकघरात फुटल्या होत्या. त्यात ओट्यावरची बरणी, छताचा दिवा आणि आमचा संसार, तिघांनाही तडे गेले. "पुन्हा या घरात काही फसफसलं, तर एक तर ते राहील नाही तर मी," ती म्हणाली होती. म्हणून मला अशी जागा हवी होती, जी काळोखी असेल, थंड असेल आणि जिथे कोणाचा हात जाणार नाही.

तशी जागा घरात एकच होती. आतोबांचं कपाट.

आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली. तेव्हापासून आत्या आमच्याकडे राहते, आणि तिच्या खोलीतल्या भिंतीतल्या कपाटात आतोबांचे कोट ओळीने टांगलेले आहेत. ते कपाट ती उघडत नाही. कोणी उघडलेलं तिला चालत नाही. आत्या डोळे तपासायला गेली तेव्हा मी बादली आत ठेवली, कोटांच्या बाह्या बाजूला सारल्या आणि दार लावलं. बाह्या परत सरकून बादलीवर अलगद येऊन टेकल्या. जणू कोणी गरम भांड्यावर हात शेकत होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी चार वाजता मी दुकानातून लवकर आलो. बाहेर ढगाळ उजेड होता, जिना सुनसान. आत्याच्या खोलीतून बोलण्याचा आवाज येत होता.

"चहा आज जरा जास्त उकळला, नाही का हो?"

शांतता. मग, गुडुक.

"वाटलंच मला."

मी चपला हातात घेतल्या. दाराच्या फटीतून पाहिलं. आत्या कपाटासमोर खुर्ची टाकून बसली होती. हातात एक कप, समोरच्या स्टुलावर दुसरा. दुसऱ्यातून वाफ निघत होती.

"आणि तो हिरवा शर्ट? मी हौसेने आणलेला? आवडला होता ना?"

गुडुक. गुडुक.

"दोनदा! म्हणजे नाही! तीस वर्षं खोटं बोललात माझ्याशी!" आणि ती हसली. लहान मुलीसारखी, पदर तोंडाला लावून. तीन वर्षांत मी तिचं हसू ऐकलं नव्हतं. मी आत जाऊन सगळं सांगायला एक पाऊल उचललं होतं. तेच पाऊल मी तसंच मागे ठेवलं.

त्यानंतर रोज चारला तिची बैठक बसायची. एकदा वाजलं की हो, दोनदा वाजलं की नाही. दळता दळता बायका म्हणतात तसल्या चालीत ती गुणगुणायचीही :

*बंद दाराच्या पल्याड, कोण टाकतो उसासा,*
*आतला का बाहेरचा, कोणी द्यावा भरवसा...*

भरवसा मी देऊ शकत होतो. पूर्ण अठरा लिटरचा! पण जीभ रेटेना. शिवाय त्या कपाटाची आता मलाच भीती वाटायला लागली होती. एकदा आत्या म्हणाली, "मधल्या ट्रंकेची किल्ली तीन वर्षं शोधतेय. तुमच्या तपकिरी कोटात आहे का हो?" गुडुक. ती फिरायला गेल्यावर मी दार उघडलं. आतून थंड, कडसर वास आला. वारा नव्हता, तरी कोट मंद हलत होते. मी तपकिरी कोटाच्या खिशात हात घातला.

किल्ली होती.

मी ती होती तिथेच ठेवली, दार लावलं आणि भर दुपारी घरातले सगळे दिवे लावून बसलो.

"तुला बरं नाही का?" बायकोने विचारलं. "आणि आत्यांच्या खोलीत कसला वास येतो? लिंबं सडल्यासारखा?"

"लिंबांचा नाही, आठवणींचा असेल," मी म्हणालो. तिने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

मग शुक्रवारी आत्याने मला शेजारी बसवलं आणि दोन्ही हात मांडीवर घट्ट धरले.

"गुंड्या, एक विचारायचंय." पन्नाशीकडे झुकलो तरी तिला मी गुंड्याच. "समोरच्या दारातले घड्याळवाले आहेत ना, ते मला म्हणाले, उरलेलं आयुष्य सोबत काढू या का."

घड्याळवाले म्हणजे शब्द कमी आणि कामाला चोख असा माणूस. रोज संध्याकाळी आमच्या भिंतीवरच्या घड्याळाला किल्ली द्यायला येतात. त्या घड्याळाला आठवड्यातून एकदाच किल्ली लागते, हे आमच्या लक्षात यायला दोन वर्षं लागली.

"मग? तुझं काय म्हणणं?"

"माझं काय! यांना विचारल्याशिवाय कसं? रविवारी चारला विचारणार आहे. सगळ्यांसमोर. घड्याळवाल्यांनाही बोलावलंय."

"आणि हे... काही बोललेच नाहीत तर?"

आत्या कपाटाकडे बघत राहिली. "राग आला की ते गप्प व्हायचे. गप्प राहिले, तर मी जाणार नाही. हा विषय पुन्हा काढायचा नाही."

मी बोटांवर दिवस मोजले. कारण कृतीनुसार बादली शनिवारी गप्प होणार होती! वायू बनवणारी आतली साखर संपत आली होती. मिनिटाला दहा गुडुक वाजायचे, तिथे आता तासाला दोन वाजत होते. आत्याच्या उरलेल्या आयुष्याचा निकाल माझ्या बादलीच्या तोंडी होता आणि बादलीची वाचा बसत चालली होती!

मी दाढीवाल्यांना फोन लावला.

"रविवारी चारला ती बोलेल का हो?"

"कोण?"

"बिअर."

"किती प्यायलात?"

"एक थेंब नाही! तिला फक्त एकदाच बोलायला लावायचंय. एकदाच! दोनदा बोलली तर घात होईल!"

"हे बघा," ते लहान मुलाशी बोलावं तसं म्हणाले, "थोडी साखर घाला. राहिलेली बोंडं घाला. ती पडली की वायू सुटतो. पण जपून. चमचाभर साखर, मूठभर बोंडं."

चमचाभर! इथे एका बाईच्या सुखाचा प्रश्न, आणि मी चमचे मोजू? रविवारी दुपारी आत्या केस विंचरायला गेली तेवढ्यात मी वाटीभर साखर ओतली, बोंडांची अख्खी पिशवी रिकामी केली आणि बादलीला गरम पाण्याची पिशवी बांधली. झाकण दाबून बसवलं. वर तपकिरी कोट पांघरला, ऊब राहावी म्हणून.

चार वाजले. आत्या खुर्चीत, नवी साडी नेसून. घड्याळवाले कपाटाला लागून, पाहुण्यासारखे अवघडून. बायको दारात हाताची घडी घालून. मी भिंतीला टेकलेला, सेकंद मोजत. बाहेर ढग इतके उतरले होते, की खोलीतली माणसं एकमेकांच्या सावल्यांसारखी दिसत होती.

"अहो," आत्या म्हणाली. तिने पदर सारखा केला. "मी यांच्याकडे जाऊ का?"

शांतता.

एक मिनिट. दोन मिनिटं. घड्याळवाल्यांच्या खिशातलं घड्याळ ऐकू येत होतं. आत्याचा चेहरा दिवा बारीक करत न्यावा तसा विझत गेला. आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला : बोंडं! बोंडांनी नळी बुजली होती!

"गप्पच आहेत," आत्या हळूच म्हणाली आणि उठली. "चला. झालं."

तेवढ्यात कपाटातून एक शीळ आली. बारीक, लांब, खोल विहिरीच्या तळातून यावी तशी. मग कोटांची सळसळ. मग दार आतून कोणी टेकून उभं राहावं तसं करकरलं.

"अगं आई गं!" बायको म्हणाली.

धडाम! झाकण दारावर आदळलं, दार फटकन उघडलं आणि हिरव्या फेसाचा लोंढा बाहेर झेपावला. फेसावर स्वार होऊन तपकिरी कोट आला, दोन्ही बाह्या पसरून, आणि थेट घड्याळवाल्यांच्या गळ्यात पडला! घड्याळवाले किंचाळले. बायको किंचाळली. मी तर आधीपासूनच किंचाळत होतो.

आत्या तेवढी उभी होती. तिने कपाटात पाहिलं. मग बादलीकडे. मग गरम पाण्याच्या पिशवीकडे. मग माझ्याकडे.

"गुंड्या. हे काय आहे?"

"बिअर," मी म्हणालो. "हंगामी."

"म्हणजे इतके दिवस मी बादलीशी बोलत होते?"

"हो."

"हिरव्या शर्टाचं?"

"ते बादलीचं मत होतं."

"आणि किल्ली?"

मी तपकिरी कोटाच्या खिशाकडे बोट दाखवलं. किल्लीचं बादलीला कसं कळलं, ते मला आजही उमगलेलं नाही.

आत्या खुर्चीत मटकन बसली. तिला रडू येईल असं मला वाटलं, आणि अठरा लिटरमध्ये तिथेच बुडून मरावंसं वाटलं. "मग आता मी विचारू कोणाला?" ती पुटपुटली.

घड्याळवाल्यांनी मिशीवरचा फेस पुसला. गळ्यातला कोट त्यांनी काढला नाही. बाह्या नीट केल्या फक्त.

"मी तुम्हाला विचारलं होतं," ते म्हणाले. "कपाटाला नाही."

इतकं लांबलचक वाक्य त्यांच्या तोंडून आम्ही पहिल्यांदा ऐकलं. खोलीत फेस चुरचुरत विझत होता. आत्याने त्यांच्याकडे पाहिलं, पुष्कळ वेळ पाहिलं. मग ती उठली आणि त्यांच्या खांद्यावर चिकटलेलं एक हिरवं बोंड तिने दोन बोटांनी अलगद उचललं.

"तुमच्याकडे चहा कसा करतात?" तिने विचारलं.

"वाईट."

"ठीक आहे. उद्यापासून मी करीन."

सगळं पुसायला मला तीन तास लागले. बायकोने मदत केली नाही, फक्त जागा दाखवल्या. बादलीच्या तळाशी एक मोठा ग्लासभर बिअर उरली होती. ती मी गाळून, उजेडात धरून, सगळ्यांसमोर आणली. अखेर ज्याच्यासाठी हे सगळं केलं, तो घोट!

घेतला. भिजलेली लोकर, साबणाचं पाणी आणि तापाची गोळी चावून खाल्ल्यासारखं कडू.

तिघंही माझ्या तोंडाकडे बघत होती.

"कशी झालीय रे?" आत्याने विचारलं.

"छान," मी म्हणालो.

"हो का?" बायको खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली आणि शांतपणे हाताची घडी घातली. "मग संपव."