गोदाकाकूंची पेन्शन

पौषाच्या थंडीत आम्ही सगळे शाली गुंडाळून बसायचो, तेव्हाही शेजारच्या गोदाकाकूंच्या हातात ताडाचा पंखा असे. स्वतःसाठी नव्हे. हळदीकुंकवाला गेल्या की त्यांची नजर बसलेल्या बायकांवरून फिरायची. चाळिशी ओलांडलेल्या एखादीचा चेहरा एकाएकी लाल झाला, कपाळाला घाम आला, की काकू उठून तिच्याजवळ जात आणि न विचारता वारा घालू लागत. वर सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारत, "काय गं, पेन्शनीत आलीस का?"

पाळी जाण्याला त्यांनी ठेवलेलं हे नाव. अंबरनाथची आमची चाळ सरकारी कारखान्यातल्या माणसांची, त्यामुळे पेन्शन म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक. "सरकार पुरुषांना पंचावन्नाव्या वर्षी देतं, देव आपल्याला त्याच्या आधी दहा वर्षं देतो. त्यात लाजायचं काय?" असं त्या म्हणत. मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते. काकूंनी तोंड उघडलं की मी स्वयंपाकघरात पळायची.

एकदा फोरमनच्या सासूबाईंनी त्यांना टोकलं, "गोदावरी, माणसांत काय बोलावं याला काही धरबंध?"

"तुमच्या पेन्शनीच्या वेळी तुम्हाला कोणी काही विचारलं होतं का?" काकूंनी शांतपणे विचारलं.

पुढच्या मंगळवारी दुपारी मात्र त्याच सासूबाई काकूंच्या चटईवर पाय पसरून बोलत बसलेल्या मी पाहिल्या. दर मंगळवारी काकूंकडे अशा पाच-सात जणी जमत. पुरुष त्या बैठकीला भजनी मंडळ समजत.

माझी आई कधी तिथे गेली नाही. ती शेहेचाळीस वर्षांची होती आणि वर्षभर बदलत चालली होती. उगाच चिडायची, मग चिडले म्हणून रडायची. एकदा भाकरी करपली तर तिने परात अंगणात फेकली. आत्या म्हणाली, "वय आहे. सगळ्यांनीच सोसलंय." मग आईची पाळी आली की थांबेना. आठ दिवस, बारा दिवस, शेवटी वीस. आमच्याकडे शिवताशिवत पाळत. त्यामुळे आई जवळजवळ महिनाभर कोपऱ्यात कांबळ्यावर बसून, आणि मी चुलीशी. वडील जेवताना तिच्याकडे बघायचेही नाहीत. कोणी काही विचारत नव्हतं आणि ती काही सांगत नव्हती.

एका सकाळी काकू वाटीभर विरजण मागायला आल्या. कोपऱ्यात आईला पाहून त्यांनी वाटी माझ्या हातात दिली आणि थेट तिच्या कांबळ्यावर जाऊन बसल्या.

"अहो वहिनी, मी बाहेरची आहे," आई दचकून मागे सरली.

"मग मीही झाले. सुमती, किती दिवस?"

"वीस," आई म्हणाली. काकूंनी तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली. आत लाली म्हणून नव्हती.

"हे बघ," त्या म्हणाल्या, "घाम येणं, झोप उडणं, जीव नकोसा होणं, हे पेन्शनीचं. त्यालाही औषध असतं, सोबत असते. पण वीस-वीस दिवस अंगावरून जाणं वय म्हणून सोडायचं नाही. ते डॉक्टरला दाखवायचं."

वडील दारात उभे होते. "वहिनी, बायकांच्या या गोष्टी चव्हाट्यावर..." त्यांनी सुरुवात केली.

"भाऊजी, तुम्ही फिटर. यंत्रातून तेल गळायला लागलं तर जुनं झालं म्हणून तसंच चालवता?"

वडिलांनी चपला घातल्या. टांगा त्यांनीच आणला.

उल्हासनगरच्या कॅम्पात, एका बराकीत, मोहिनीबाई नावाच्या डॉक्टर बसत. फाळणीनंतर कराचीहून आलेल्या. साडीच्या पडद्याआड त्यांनी आईला तपासलं आणि मग हिंदीत, हातवारे करत, तिच्या पोटात काय काय असतं आणि या वयात काय बदलतं ते सांगितलं. चार बाळंतपणं झालेल्या माझ्या आईला हे सगळं पहिल्यांदाच कळत होतं. गर्भाशयात गाठ होती. मोहिनीबाईंनी मुंबईच्या मोठ्या इस्पितळाला चिठ्ठी दिली. तिथे ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली, पण आणखी दोन महिने काढले असते तर अंगात रक्त उरलं नसतं, असं तिथल्या डॉक्टरांनी वडिलांना सुनावलं. बारा दिवस काकू आईच्या खाटेशी होत्या. वॉर्डातल्या बायकांनाही त्यांनी पेन्शन शिकवली.

घरी आल्यावर आईचं कोपऱ्यातलं कांबळं वडिलांनी स्वतः उचलून धुवायला टाकलं. ते परत अंथरलं गेलं नाही. कारखान्यातलं कोणी घरी चौकशीला आलं की माझे अबोल वडील मोठ्याने सांगत, "आमच्या गोदावहिनींनी आणलं तिला परत." ते ऐकताना माझी मान ताठ व्हायची. काकूंच्या तोंडचा शब्द ऐकून मी स्वयंपाकघरात पळणंही तेव्हाच थांबवलं.

पुढे आईच्या लोहाच्या गोळ्या आणायला मी काकूंबरोबर कॅम्पात गेले. काकू बाहेर कोणाशी तरी बोलत थांबल्या होत्या. मोहिनीबाई पुडी बांधता बांधता मला म्हणाल्या, "तुम्हारी काकू पहली बार यहाँ अकेली आई थी. अंबरनाथ से पैदल."

मग त्यांनी सांगितलं ते असं. काकूंना मूलबाळ नाही. पाळी गेली तेव्हा आता होणारही नाही हे पक्कं झालं. त्या वर्षभर कोणाशी बोलल्या नाहीत. डोकं फिरलं असं समजून नवऱ्याने त्यांच्या भावाला घेऊन जायला बोलावलं. भाऊ यायच्या आदल्या दिवशी काकू घरातून निघाल्या आणि चालत राहिल्या. बराकीच्या पायरीवर येऊन बसल्या. मोहिनीबाईंना तेव्हा मराठी येत नव्हती. त्या नुसत्या "अदी, अदी" म्हणत, म्हणजे सिंधीत बहीण, काकूंचा हात धरून बसल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी अंबरनाथला येऊन नवऱ्याला समजावलं आणि भावाला रिकाम्या हाताने परत पाठवलं.

परतताना आम्ही दोघी टांग्यात बसलो.

"सांगितलं वाटतं तिने," काकू म्हणाल्या.

"हो."

"माझी मुलगी असती तर तुझ्याएवढी असती." त्या रस्त्याकडे पाहत होत्या. "तिला मी आधीच सगळं सांगून ठेवलं असतं. घाबरली नसती ती."

"मला सांगा की, काकू," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पदर सावरला, आणि विठ्ठलवाडी मागे पडत असताना, अगदी हळू आवाजात, पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.