दोन-चार फुटकळ

यॉर्कशरमधल्या हॅगथॉर्प तलावात मासे आणून सोडले जातात ते पकडता यावेत म्हणून, आणि पकडले जातात ते परत सोडता यावेत म्हणून. मधल्या वेळात त्यांचं वजन होतं. या वजनावरून दर रविवारी काठावरची पोक्त, संसारी, पेन्शनीत निघालेली माणसं पहिली-दुसरी येतात आणि पुढे आठवडाभर एकमेकांशी धड बोलत नाहीत. ही व्यवस्था वर्षानुवर्षं सुरळीत चालली होती. तलावातल्या कार्प माशांनाही तिची सवय होऊन गेली होती. त्यांतले जुनेजाणते तर तराजू दिसला की आपणहून अंग सैल सोडत.

सेल्विन ऑग्डेन हा निवृत्त बसचालक इथला जुना स्पर्धक. त्याच्याकडे कार्बनचा एक जोडदांडा होता. सगळे तुकडे जोडले की तो सेल्विनच्या बसपेक्षा लांब भरायचा. एवढा दांडा पार तलावाच्या मध्यावर न्यायचा, त्याच्या टोकाच्या दोऱ्याला गळ लावायचा आणि आपल्या पायाशी पोहणारा मासा तिथवर जाण्याची वाट बघायची, असा हा खेळ आहे. सेल्विन तो जीव लावून खेळे. तरी हॅगथॉर्प चषक त्याला कधी मिळाला नव्हता, आणि आयुष्यात दुसरं काही मिळवायचं राहिलंय असंही त्याला वाटत नव्हतं. त्याची बायको ग्लेनिस हिनं शेकोटीवरच्या फळीवर, घड्याळ आणि लग्नाचा फोटो यांच्यामध्ये, चषकापुरती जागा मोकळी ठेवली होती. दर शनिवारी ती त्या रिकाम्या जागेवरची धूळ पुसायची.

चषक न मिळण्याचं कारण, सेल्विनच्या मते, पेग. पेग म्हणजे काठावरची नंबर घातलेली बसायची जागा; दुसरा पेग संध्याकाळी, निकाल लागल्यावर. सकाळी सगळ्यांनी एका कापडी पिशवीत हात घालून आपापला पेग काढायचा असतो. सेल्विनच्या हाताला नेमका संडासाशेजारचा पेग लागायचा. मासे समंजस असल्यामुळे तिकडे फिरकत नसत.

या काठावर एक शिस्त होती. ती कुठल्याही नियमावलीत नव्हती, म्हणून सगळे ती पाळत. शेजाऱ्यानं 'काय, लागतंय का काही?' असं विचारलं की उत्तर एकच: 'दोन-चार फुटकळ.' ज्याच्या जाळीत बोकडाएवढं वजन वळवळतंय तोही फुटकळ म्हणणार, आणि ज्याच्या गळाला सकाळपासून फक्त शेवाळ आलंय तोही. पेग कुठलाही लागो, सेल्विनचा कायमचा शेजारी, दोस्त आणि वैरी डगी थ्वेट याला एकदा एका दांडग्या कार्पनं बसायच्या पेटीसकट पाण्यात ओढलं होतं. तो गळ्यापर्यंत पाण्यात असताना सेल्विननं विचारलं, "मोठा आहे काय रे?" डगी म्हणाला, "छे. फुटकळ." खरं काय ते शेवटी तराजू सांगायचा, त्यामुळे कुणाचं काही अडत नव्हतं.

अडायला लागलं ते तलाव चालवणाऱ्या मंडळानं मत्स्यकल्याण अधिकारी नेमल्यावर. मिस इमोजेन पिकर्सगिल याआधी नगरपालिकेच्या पार्किंग खात्यात होत्या. तिथे त्यांनी अशा काही सुधारणा केल्या होत्या की गावात गाड्या यायच्याच बंद झाल्या. तलावावर रुजू होताच त्यांनी माशांच्या मनःस्वास्थ्याचा विषय हाती घेतला. आधी शिट्टी बंद झाली. स्पर्धा संपल्याची खूण म्हणून मंडळाचे चिटणीस नेव्हिल क्रॅबट्री पांढरा रुमाल हलवत काठानं धावू लागले. मग पकडलेले मासे स्पर्धा संपेपर्यंत जाळीत ठेवणं बंद झालं, कारण विनाचौकशी स्थानबद्धता मंडळाच्या धोरणात बसत नव्हती. मासा लागला की त्याच्या ओठाला मलम लावायचं, दिलगिरी व्यक्त करायची आणि त्याला तत्काळ मुक्त करायचं. राहता राहिला तराजू. त्यासाठी कॅन्टीनमध्ये विशेष सभा भरली. प्रत्येकाच्या पुढ्यात तळलेला कॉड मासा आणि बटाट्याचे काप होते.

"चारचौघांत आपलं वजन केलेलं तुमच्यापैकी कुणाला आवडेल?" मिस पिकर्सगिल यांनी विचारलं.

सभेनं आपापल्या पोटांकडे पाहिलं आणि मुद्दा बिनविरोध मान्य झाला.

"पण मग या माशाचं काय?" डगीनं ताटाकडे काटा रोखला.

"कॉड खाऱ्या पाण्यातला आहे, मिस्टर थ्वेट. तो आपल्या कार्यकक्षेत येत नाही. जरा ते व्हिनेगर सरकवा इकडे."

"वजन नाही, तर जिंकलं कोण ते कळायचं कसं?" सेल्विन म्हणाला.

"स्वयंघोषणेनं. रुमाल हलला की मी प्रत्येक पेगवर येईन. स्पर्धकानं आपल्या माशांचं एकूण वजन अंदाजानं, तोंडी सांगायचं. मंडळाचा सभासदांवर पूर्ण विश्वास आहे."

"आणि कुणी फुगवून सांगितलं तर?" नेव्हिलनी शंका काढली.

"फुगवून?" डगी म्हणाला. "हॅगथॉर्पमध्ये?"

यावर सगळे पुन्हा कॉड खाऊ लागले. काय होऊ घातलंय याचा अंदाज तिथे बसलेल्या प्रत्येकाला आला होता, पण बोलून दाखवणार कोण? ठराव मंजूर झाला.

घरी आल्यावर सेल्विननं ग्लेनिसला सगळं सांगितलं. ती हरखली. "म्हणजे यंदा नुसतं खरं बोललं की झालं?"

"तेच तर," सेल्विन म्हणाला.

तेव्हा ग्लेनिसच्या डोक्यात प्रकाश पडला. लग्नात पाद्रीबाबांनी 'हिचा पत्नी म्हणून स्वीकार करतोस का?' असं विचारलं तेव्हा हा माणूस 'हरकत नाही' म्हणाला होता. मुलगी झाली तेव्हा तिला पाहून 'बरी आहे' म्हणाला होता आणि मग दवाखान्याच्या जिन्यात बसून ढसाढसा रडला होता. तिनं खुर्ची ओढली.

"चल. मी पिकर्सगिलबाई. किती झालं वजन?"

"दोन-चार..."

"सेल्विन."

"तसं ठीक झालंय की."

"आकडा सांग."

"आकडा काय, असेल आपलं थोडंफार."

त्या आठवड्यात ग्लेनिसनं आकडा ऐकल्याशिवाय त्याच्या पुडिंगवर, म्हणजे इथल्या बिनगोड फुगीर पावावर, रस्सा वाढला नाही. यॉर्कशरच्या माणसाचा यापेक्षा जास्त छळ करता येत नाही. दोन दिवस त्यानं कोरडं पुडिंग गिळलं. शनिवारी मात्र टेबलाची कड घट्ट धरून, डोळे मिटून, तो एका दमात 'शंभर पौंड' म्हणाला. हे पौंड वजनाचे होते आणि मासे अजून तलावात होते, तरी ग्लेनिसच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं रश्श्याचं भांडंच त्याच्यापुढे सरकवलं.

चषकाच्या रविवारी त्याचा जावईही सोबत आला. क्वेंटिन हा दक्षिणेकडचा, सरी परगण्यातला. रक्तदाबासाठी कुठेतरी स्वस्थ बसत जा, असं त्याला डॉक्टरांनी सांगितलं होतं. स्पर्धेच्या मासेमारीत कुणी स्वस्थ बसत नाही हे डॉक्टरांना ठाऊक नसावं. सेल्विननं त्याला आपला जुना दांडा दिला.

"बाबा, यातली धरायची बाजू कुठली?" क्वेंटिननं विचारलं.

"जी पाण्यात नाही ती," सेल्विन म्हणाला.

मग पिशवीत हात घातला, आणि सेल्विनच्या हाताला बेटासमोरचा पेग लागला. सगळ्या तलावात त्याच्यासारखी जागा नाही. क्वेंटिनच्या वाट्याला अर्थातच संडासाशेजारचा पेग आला.

"काय रे, पेग कुठला?" डगीनं विचारलं.

"असाच आपला. बसायला फळी आहे."

त्या दिवशी सेल्विनला जे मासे लागले तसे त्याला जन्मात कधी लागले नव्हते. दांडा पुढे न्यावा, की दोऱ्यावरची तरंगी पाण्याखाली. कार्पमागून कार्प येत होते, मलम लावून घेत होते आणि जात होते. भाजीवाला गड्डी हातावर तोलतो तसा तो प्रत्येक मासा तोलून मनात बेरीज करत होता. दुपारी त्यानं शंभर ओलांडले. पुढे मलम संपलं, दिलगिरीही संपली, तरी मासे यायचे थांबेनात. खांदे भरून आले होते. शेकोटीवरची फळी त्याच्या डोळ्यांपुढून हलत नव्हती.

"हाणतोयस की लेका," डगी पलीकडून म्हणाला.

"कुठलं रे. फुटकळ." हे सहज आपोआप निघून गेलं, आणि सेल्विनला घाम फुटला.

रुमाल हलला. मिस पिकर्सगिल मासे दचकू नयेत म्हणून मोजे घालून, चवड्यांवर चालत आल्या. सेल्विन मनात घोकत होता: एकशे साठ. एकशे साठ. आजूबाजूच्या पेगांवर सामान आवरण्याचे आवाज एकाएकी थांबले. सगळ्यांच्या माना खाली होत्या आणि कान इकडे होते.

"मिस्टर ऑग्डेन, आपली घोषणा?" त्या कुजबुजल्या.

सेल्विननं तोंड उघडलं. धरायला टेबल नव्हतं. डगी आपल्या बुटाच्या नाडीकडे एकटक बघत होता. या माणसांदेखत 'एकशे साठ' म्हणायचं, म्हणजे भर बाजारात पट्टा सोडून पँट खाली करण्यापैकीच होतं.

"काही नाही हो," सेल्विन म्हणाला. "दोन-चार फुटकळ."

"फुटकळ हे वजन नाही, मिस्टर ऑग्डेन. आकडा हवा."

"सांगण्यासारखा नाही."

"मग शून्य लिहू?"

इथे त्याच्या आतून कुणीतरी ओरडत होतं. आवाज ग्लेनिसचा होता.

"हरकत नाही," सेल्विन म्हणाला.

मिस पिकर्सगिल पुढे गेल्या. डगीनं शून्य घोषित केलं. त्याच्या पलीकडच्यानं शून्य घोषित केलं. ज्याचा दांडा एका कार्पनं मधोमध मोडला होता त्यानं, हातातले दोन तुकडे मागे लपवत, शून्य घोषित केलं. अशी ती बिनबोभाट प्रदक्षिणा संडासापाशी पोचली, आणि तलावावर कधी ऐकू न आलेला आवाज सगळ्यांनी ऐकला.

"एक," क्वेंटिन आनंदानं सांगत होता. "बोटाएवढा होता. पण मी पकडला. माझा पहिलाच. बाबा, तुम्ही पाहिलात का?"

चषक क्वेंटिनला मिळाला.

डगीनं संध्याकाळी दुसऱ्या प्रकारच्या पेगनंतर मंडळाकडे तोंडी तक्रार केली की सेल्विननं दिवसभर मासे अक्षरशः उपसले, हे आपण डोळ्यांनी पाहिलंय. एवढं चांगलं तो सेल्विनबद्दल आयुष्यात बोलला नव्हता. नेव्हिलनी ती फेटाळली. शेजाऱ्याचं वजन तिप्पट करून सांगणं ही काठावरची दुसरी परंपरा असल्यानं त्याची साक्ष धरता येत नव्हती. शिवाय खुद्द सेल्विनला विचारलं तेव्हा तो म्हणाला, "डगीचं काय ऐकता."

मंडळानं स्पर्धेचा आढावा घेतला. एवढे अनुभवी स्पर्धक, एवढे लांब दांडे, आणि अख्ख्या तलावात मिळून बोटभर मासा एक. निष्कर्ष उघड होता. हॅगथॉर्प तलाव मत्स्यदुष्काळग्रस्त जाहीर झाला आणि टँकर भरभरून कार्प आणून ओतण्यात आले. पुढच्या रविवारी मासे इतके झाले की गळ पाण्यात बुडायला जागा सापडेना. एक कार्प तर आपणहून नेव्हिलच्या टोपीत येऊन बसला. घोषणा झाल्या. सर्वत्र शून्य. क्वेंटिनला त्या दिवशी मोजता येणार नाहीत इतके मिळाले होते, पण तोही आता घरचाच झाला होता. "फुटकळ," तो म्हणाला, आणि सेल्विननं पहिल्यांदाच त्याच्या पाठीवर थाप मारली. मंडळानं आणखी टँकर मागवले. शेवटी पाणी काठाबाहेर आलं, तेव्हा तलाव बंद करून फाटकावर पाटी लावण्यात आली: 'माशांअभावी बंद.' पाटीखाली मासे रस्ता ओलांडत होते.

पण हे नंतरचं. चषकाच्या दिवशी संध्याकाळी सेल्विन घरी आला, तेव्हा ग्लेनिस पोर्कपाय, म्हणजे डुकराच्या खिम्याची जाड कचोरी, मांडून, ठेवणीतला पोशाख घालून बसली होती. त्याच्या रिकाम्या हातांकडे तिनं पाहिलं.

"किती होते खरे?"

 टेबलाची कड धरून तो हळूच म्हणाला, "एकशे साठ."

"आणि सांगितलेस?"

त्यानं मान खाली घातली. ग्लेनिस उठली, फळीवरचं घड्याळ सरकवून फोटोला चिकटवलं. आता मधे जागा उरली नाही. 

"एक विचारू?" ती पाठमोरीच म्हणाली. "एवढ्या वर्षांत कधी विचारलं नाही. माझ्यावर प्रेम आहे का तुझं?"

सेल्विननं टेबलाची कड इतकी घट्ट धरली की पोर्कपाय ताटातून उडाला.

"आहे की," तो म्हणाला. "फुटकळ."

 ग्लेनिसनं घड्याळ परत जागेवर सरकवलं आणि रस्सा गरम करायला आत गेली. तिच्याकडे तराजू नव्हता, पण तिला वजन कळत होतं.

ते सगळ्यांनाच कळतं असं नाही. वाचकहो, तुम्ही आत्ता हॅगथॉर्पच्या लोकांना हसलात. मी पाहिलं, एकदोनदा तर चांगले खिदळलात. आता पलीकडच्या खोलीतून कुणी विचारील, 'काय वाचत होतीस गं? कशी आहे गोष्ट?' आणि तुम्ही पुस्तक मिटत म्हणाल, 'ठीक आहे. वेळ जातो.'

लिहून घेतो: शून्य. हरकत नाही.