जपलेली जेट स्की

बेव्हन टेटच्या घरात गाडी ठेवायला छप्पर एकच होतं, आणि त्याखाली दोन वर्षांपासून जेट स्की, म्हणजे पाण्यावर पळणारी स्कूटर, राहत होती. ग्लेनिसची छोटी गाडी बाहेर, क्वीन्सलंडच्या उन्हात. दुपारी तिचं स्टिअरिंग धरायचं तर ओव्हनचे हातमोजे लागत. ग्लेनिस ते खरोखरच घालून बाजारात जात असे, म्हणजे निदान गल्लीला तरी कळावं.

यावरून दोघांत भांडण मात्र नव्हतं. चौतीस वर्षं शाळेची बस चालवून निवृत्त झालेल्या माणसाला एखादा नाद हवाच, हे तिला मान्य होतं. तिचं म्हणणं एवढंच, की नाद पाण्यातला आणि माणूस मात्र सदा अंगणात, हे कसं काय? बेव्हन महिन्यातून फार तर दोनदा खाडीत तासभर फिरून येई, आणि मग अर्धा दिवस त्या यंत्राची सेवा चाले. आधी इंजिन सुरू, मग ते धुवायला जोडलेला गोड्या पाण्याचा नळ सुरू. आधी नळ बंद, मग इंजिन बंद. हा क्रम चुकला तर इंजिनाचं वाटोळं, हे त्याने पोस्टमनलासुद्धा सांगून झालं होतं. मग सीट उचलून आतलं पुसणं, गंज धरू नये म्हणून फवारा, वरून मेण. शेवटी मागच्या बाजूला, तळाशी असलेली दोन काळी बुचं फिरवून काढायची, म्हणजे पोटात राहिलेलं पाणी थेंबथेंब गळून जातं.

"मला आजारपणातसुद्धा एवढं पुसलं नव्हतंस," ग्लेनिस खिडकीतून म्हणे.

"तू कुठे खाऱ्या पाण्यात जातेस?" बेव्हन मान वर न करता उत्तर देई.

गेल्या रविवारी मात्र तिने चहा पिता पिता निकालच सांगून टाकला. "शनिवारी मी येते तुझ्याबरोबर. समोरच्या वाळूच्या पट्ट्यावर जाऊ, डबा खाऊ, परत येऊ. मला आवडलं तर राहू दे ती. नाही आवडलं, तर सोमवारी विकायची जाहिरात दे आणि माझी गाडी सावलीत घे."

"आणि आवडलं की नाही ते ठरवणार कोण?"

"मीच की."

तेव्हापासून बेव्हनचा जीव टांगणीला लागला. लग्नाला अडतीस वर्षं झाली होती, आणि ग्लेनिसने एकदा बोललेलं मागे घेतल्याचं त्याला एकही उदाहरण आठवेना. शनिवारी कुठेही कसूर राहायला नको होती. शुक्रवारी संध्याकाळी त्याने तेल बघितलं, पेट्रोल भरलं, बायकोच्या मापाचं लाइफ जॅकेट दोरीवर झटकून ठेवलं आणि दोन्ही बुचं हाताने घट्ट बसवली. एरवी तो बुचं धक्क्यावर पोचल्यावर लावी. पण यावेळी तिथे एक मिनिटही वाया घालवायचं नव्हतं.

कारण धक्क्यावर बाक होता. धक्क्याच्या उतारासमोर एक लाकडी बाक आहे, आणि शनिवारी सकाळी तिथे थर्मास घेऊन बसायचं, बोटी उतरवणाऱ्यांना दहापैकी गुण द्यायचे, ही पेलिकन क्रीक गावची जुनी रीत. बाकावर नोएल असे, त्याची पूर्वी बेकरी होती. स्टॅव्ह्रोस असे, त्याचं मासळीचं दुकान होतं. आणि तिसरा खुद्द बेव्हन. तिघांत बेव्हन सगळ्यात खडूस. ट्रेलर वाकडा गेला की दोन गुण कापायचा. बुचं विसरून बोट पाण्यात लोटणाऱ्याला तर तो शून्यच देई आणि वर्षभर त्याच्याकडे बघून हसे. अशी माणसं वर्षाला पाच-सहा निघत.

शनिवारी बेव्हनने ट्रेलर एका दमात, रेघ मारल्यासारखा मागे घेतला. नोएलने नऊ बोटं दाखवली.

"बुचं लावलीस का रे?" स्टॅव्ह्रोस ओरडला. हा प्रश्न तो प्रत्येकालाच विचारे.

"कालच. स्वतःच्या हाताने," बेव्हनने न वाकता सांगितलं. त्याची कंबरही जरा धरली होती.

ग्लेनिस डबा मांडीत घेऊन मागे बसली आणि जेट स्की निघाली. धक्क्याजवळ पोरं पोहत होती, तिथे चालल्यासारखंच हळू जायचं असतं. पाच मिनिटांत बेव्हनला काहीतरी खुपायला लागलं. हँडल जड लागत होतं, नाक वर आलं होतं आणि मागची बाजू खाली बसत चालली होती. मागे काय होतं, तर ग्लेनिस होती.

बायकोच्या वजनाबद्दल बेव्हन अडतीस वर्षांत एकदाच बोलला होता. एका पिवळ्या झग्यावरून, १९९१ साली. त्या एका वाक्याची किंमत त्याने इतकी चुकवली होती, की पुन्हा तोंड उघडायची त्याची छाती नव्हती.

"मागून खाली बसल्यासारखी वाटते, नाही?" ग्लेनिसने विचारलं.

"छे. लाटा आहेत."

"लाटा कुठायत? आरसा आहे नुसता. बेव्हन, तुला काही म्हणायचंय का?"

"नाही बुवा."

"डबा जड झालाय?"

"असेल," तो आशेने म्हणाला.

"डब्यात सँडविच आणि गाजरं आहेत. डॉक्टरांनी तुला खायला सांगितलेली. गाजरांनी बुडते का कधी बोट?"

बेव्हनने समोरच्या पाण्यात काहीतरी निरखून बघितलं, आणि ते बोलण्यापेक्षा वाईट झालं.

"थांबव," ग्लेनिस म्हणाली. "मी पुढे बसते, तू मागे ये. बघूच कोणामुळे बसतेय ती."

दोघांनी एकमेकांना धरून, डुगडुगत, कशीबशी जागा बदलली. बेव्हन मागे टेकला तशी जेट स्कीची शेपूट घोट्याएवढी पाण्यात गेली. आता मात्र त्याला भलताच संशय आला. त्याने ओणवं होऊन मागे खाली हात घातला आणि चाचपलं. बुचाच्या जागी बूच नव्हतं. बोट सरळ आत गेलं. दुसऱ्या भोकातही गेलं.

अशा वेळी एकच उपाय असतो. जेट स्की वेगात असली की मागची बाजू उचलली जाते आणि शिरलेलं पाणी त्याच भोकांतून बाहेर पडतं. थांबली की भरते. बेव्हन बाकावरून हे कित्येकांना खो खो हसत समजावून आला होता.

"ग्लेनिस," तो शक्य तितक्या शांतपणे म्हणाला, "उजव्या हाताशी चाप आहे ना, तो दाब. आणि सोडू नकोस."

"किती दाबू?"

"जाईल तेवढा. बुचं नाहीयेत. थांबलो तर बुडू."

"मला चालवता येत नाही रे."

"परवाना माझा आहे, मी मागे आहे. तू फक्त समोर बघ."

ग्लेनिसने दाबला. जेट स्की आधी कण्हली, मग एकदम उसळली. बेव्हनची टोपी उडून गेली. त्याने बायकोच्या कमरेला मिठी मारली, आणि इतकी घट्ट मिठी त्यांच्यात बऱ्याच वर्षांत झाली नव्हती. वारा कानात घुसत होता, पाणी तोंडावर सपासप बसत होतं. ग्लेनिस काहीतरी ओरडत होती. ती किंचाळते आहे असं समजून बेव्हनने डोळे मिटून घेतले.

उघडले तेव्हा समोरून गस्तीची बोट येत होती. तीत एक तरुण अधिकारी मुलगी उभी होती आणि हात आडवा धरून थांबायची खूण करत होती.

"थांबायला सांगतेय," ग्लेनिस म्हणाली.

"थांबू नकोस."

"सरकारी माणूस आहे ती."

"मग तिच्याभोवती फिर. लांबून."

ग्लेनिसने बोटीला मोठा वळसा घातला आणि जवळच्या बाजूला आल्यावर ओरडली, "थांबता येत नाही." पुढचं काही सांगेपर्यंत ती लांब गेली होती. मुलीने कर्णा तोंडाशी धरला आणि विचारलं, का? ग्लेनिस दुसऱ्या फेरीला आली. "भोकं आहेत." कर्ण्यातून प्रश्न आला, कुठे? तिसऱ्या फेरीत, "मागे." चौथ्या फेरीला बेव्हननेच लाज गुंडाळून ठेवली आणि घसा ताणून "बुचं" एवढाच शब्द फेकला.

मुलगी तोंड फिरवून काही वेळ नुसती खांदे हलवत उभी राहिली. मग कर्ण्यातून आवाज आला. "पूर्वेच्या टोकाला वाळू मोकळी आहे, काकू. माझ्यामागून या आणि सरळ वर चढवा."

ग्लेनिसने सरळ वर चढवली. ज्या तळावर बेव्हनने दोन वर्षांत खडा लागू दिला नव्हता, तो करकरत वाळूवर सहा हात पुढे गेला. मागच्या दोन भोकांतून पाण्याच्या धारा लागल्या. अधिकारी मुलीने परवाना बघितला, कुणाला लागलं नाही ना ते विचारलं, आणि "निघण्याआधी बुचं बघत जा, काका," असं सांगून ती निघून गेली.

"काल मी स्वतः लावली होती," बेव्हन धारांकडे बघत म्हणाला. "कुणीतरी काढली. कुणीतरी मुद्दाम येऊन काढली."

ग्लेनिस केस पिळत होती. ती थांबली.

"काळी होती का ती? कडेला खाचा असलेली?"

"हो."

"चमच्यांच्या खणात आहेत."

"आपल्या?" बेव्हनने विचारलं.

"अरे, तू सगळं उरकून आत गेलास आणि ती तशीच लावलेली. दोन वर्षं खिडकीतून बघतेय मी. आधी इंजिन मग नळ, आधी नळ मग इंजिन, पुसणं, फवारा, मेण, आणि शेवटी बुचं काढतोस. म्हटलं, विसरला. मी येणार म्हणून गडबडलाय बिचारा. म्हटलं, एकदा आपणही त्याच्या त्या लाडकीचं काहीतरी करावं." तिचा आवाज बारीक झाला. "हसायचं तर हस आता. रागवायचं तर रागव."

बेव्हनला रागच येईना. खिडकीतली ग्लेनिस आपल्यावर चिडून बघत असते, असंच तो दोन वर्षं समजत आला होता. तिने सगळा क्रम पाठ केला असेल, हे त्याच्या स्वप्नातही नव्हतं. त्याला भरून आलं, आणि ते लपवायला म्हणून तो डब्यात काहीतरी शोधायला लागला.

"क्रम अगदी बरोबर होता तुझा," तो म्हणाला. "दिवस तेवढा चुकला."

डब्यात दोन जाड गाजरं होती. बेव्हनने डब्यातल्या सुरीने ती तासून निमुळती केली आणि भोकांत फिरवून फिरवून घट्ट बसवली. उरलेले तुकडे दोघांनी सँडविचबरोबर खाल्ले. डॉक्टरांनी सांगून चार महिने झाले होते, पण गाजर बेव्हनच्या पोटात त्या दिवशी पहिल्यांदा गेलं. गाजरांनी इमानही राखलं. परतीच्या वाटेवर एक थेंब आत आला नाही. येताना बेव्हनने चालवली, अगदी हळू. ही शेवटची फेरी आहे असं धरून तो खाडीकडे बघत होता.

अडचण धक्क्यावर होती. जेट स्की ट्रेलरवर चढून पाण्याबाहेर आली आणि तिच्या पाठीमागे दोन केशरी खुंट्या अख्ख्या उताराला दिसल्या. बाकावर नोएल उठून उभा राहिला.

"बेव्हन, मागे काय लावलंयस?"

"गाजरं," स्टॅव्ह्रोस डोळे बारीक करून म्हणाला. "अरे, गाजरं आहेत ती."

उतारावर रांगेत असलेली माणसंही गाड्यांतून उतरली. ग्लेनिसचा चेहरा लाल झाला. "त्याचं काय झालं, मी काल—"

"बुचं विसरलो," बेव्हन मोठ्याने म्हणाला.

आधी नोएल हसायला लागला आणि त्याचा चहा नाकात गेला. स्टॅव्ह्रोसने बाकाला हात टेकला. "तू? स्वतःच्या हाताने लावलेलीस ना?"

"वाटलं होतं तसं. वय झालं आता." त्याने पट्टे आवळले, शून्याची खूण स्वतःच करून दाखवली आणि बायकोसाठी गाडीचं दार उघडलं. हसणं वळणापर्यंत ऐकू येत होतं.

दोघं घराकडे निघाले. ग्लेनिसच्या केसांत मीठ वाळलं होतं. शेवटी बेव्हननेच विषय काढला.

"सोमवारी जाहिरात देतो. फोटो आहेतच माझ्याकडे."

"कसली जाहिरात?"

"अगं, तू भिजलीस, बुडता बुडता वाचलीस, वर गस्तीवाल्यांनी अडवलं. आवडण्यासारखं काय राहिलं त्यात?"

"मी एक शब्द तरी बोलले का, आवडलं नाही म्हणून? तिथे ओरडत होते ते काय रडत होते?" ग्लेनिसने आरसा खाली ओढून स्वतःचे विस्कटलेले केस बघितले, आणि ते तसेच राहू दिले. "विकायची-बिकायची काही नाही. या आठवड्यात मी परवाना काढते. पुढच्या शनिवारी मला पाण्यात उतरवून दे, आणि तू आपला बाकावर बस."

"म्हणजे? एकटीच जाणार? मी का नको?"

ग्लेनिसने त्याच्या हातावर हात ठेवला, खिडकीबाहेर बघितलं, पुन्हा त्याच्याकडे बघितलं.

"वाईट वाटून घेणार नसशील तर सांगते," ती फार मायेने म्हणाली. "तू मागे बसलास ना, की ती उचलत नाही रे."