पंचेचाळीसची पुढची सीट

रंगानानांच्या जीपमध्ये बसायचं तर आधी बारावीचे टक्के सांगावे लागायचे. भाडं उतरताना दिलं तरी चालायचं. टक्के मात्र चढण्याआधी.

भंडारदऱ्याकडून अकोल्याला जाणारी ही सकाळची जीप. पुढं नानांच्या शेजारी बसायचं तर बारावी सायन्स हवं आणि फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी, इंग्रजी मिळून पंचेचाळीस टक्के. म्हणजे बीएस्सी नर्सिंगला लागतात तेवढे. “राखीवला सवलत हाय,” हेही नाना न विसरता सांगायचे. मधल्या बाकाला शाखा कुठलीही चालायची, टक्के चाळीस, पण इंग्रजी सुटलेलं पाहिजे. हा जीएनएमचा, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाचा नियम. उरलेली जनता मागच्या फळ्यांवर, गुडघ्याला गुडघा लावून.

याचं कारण नानांची एकुलती एक सुवर्णा. तिनं अकरावीला सायन्स घेतलं आणि “मला नर्स व्हायचंय” म्हणाली, त्याच दिवशी नाना कॉलेजात जाऊन सरांकडून सगळे नियम पाठ करून आले. पाठ केलेलं कुठंतरी वापरायला नको? त्यांच्याकडं जीप होती.

मी अकोल्यातल्या एका पतसंस्थेत नोकरीला लागले, तेव्हा पहिल्याच दिवशी माझी मुलाखत झाली.

“या, पदवीधर! बारावीला किती?”

“अडुसष्ट,” मी मान ताठ करून म्हणाले. का नाही म्हणणार? आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीचं तोंड पाहिलं नव्हतं. मी बीए झाले तेव्हा आईनं ओळख नसलेल्या माणसांनाही पेढे दिले होते.

“सायन्स?”

“आर्ट्स.”

“मंग मधी बस.”

“नाना, मी बीए आहे. फर्स्ट क्लास!”

“आसशील की. पर आर्ट्सला बीएस्सीचं दार बंद हाय. माझ्या हातात काय न्हाई पोरी, नियम दिल्लीवरनं येतो.”

दिल्लीवरनं आलेला तो नियम मी रोज पाळला. मधल्या बाकाची एक स्प्रिंग वर आली होती, ती माझ्याच वाट्याला.

आमच्या सरपंचआप्पांचीही सुटका नव्हती.

“आप्पा, बारावी?”

“आरं, मी सरपंच हाय!”

“ते पंचायतीत. हितं बोला, इंग्रजी सुटलंय का?”

आप्पा धोतर सावरत मागं गेले. तिथं कुणाची तरी शेळी आधीच बसलेली होती.

म्हातारी माणसं, बाळंतिणी, आजारी यांना मात्र माफी. “पेशंटला टक्के इचारत न्हाईत. पेशंटला खिडकी,” असा नानांचा कायदा. झालं! चांगली धडधाकट माणसं खोकत खोकत चढायला लागली. मग नाना जीप थांबवून त्यांची जीभ बघायचे आणि मागं पाठवायचे.

सुवर्णा कॉलेजला याच गाडीनं जायची, पुढच्या सीटवर. “हिचे टक्के अजून कुठं आलेत?” असं मी एकदा विचारलंच. नाना गिअर टाकत म्हणाले, “प्रोव्हिजनल अ‍ॅडमिशन हाय.” वर आम्हा मधल्या बाकावाल्यांना रोजचे टोमणे. “मधल्यांनू, झोपा निवांत. तुमाला काय बायोलॉजी हाय?” सगळी गाडी हसायची. सुवर्णाही हसायची.

मग निकाल लागला. सुवर्णा पास झाली. इंग्रजीही सुटलं. पण बीएस्सीला जे विषय मोजतात, त्यांची बेरीज त्रेचाळीसवर अडली.

पोरगी घराबाहेर पडेना. नानांची जीप चालू होती, पण तोंड बंद. जीएनएमच्या अर्जाचा शेवटचा दिवस तोंडावर आला, तशी मी त्यांच्या घरी गेले. घर आमच्या शेजारीच.

“सुवर्णे, जीएनएमला तुझे टक्के बसतात. सीईटीही दिलीयस. तिथूनही नर्सच होतात गं.”

“मला न्हाई जायचं, ताई. ती मधली सीट हाय.”

“म्हणजे?”

“दोन वरसं नाना मधल्या सीटला हसत आले. मी बी हसले. आता मीच तिथं बसू? सगळी गाडी हसंल मला.”

नाना दारातच उभे होते. तसेच बाहेर जाऊन जीपची काच पुसत बसले. काच स्वच्छच होती.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे शेवटच्या दिवशी, सकाळी नानांनी जीपसमोर जाहीर केलं, “नियम बदललाय. आजपासनं पुढची सीट चाळीसला.”

पुढं बसलेली दोन सायन्सची पोरं खवळली. “आसं कसं नाना? आमाला ऐंशी हायत!”

“सरकार दर वरसाला नियम बदलतंय तवा गप बसता. मी एकदा बदलला तर लगीच आंदोलन? उतरा!”

पोरं मागं शेळीशेजारी गेली. जीप नानांच्या स्वतःच्या दारात उभी राहिली आणि त्यांनी हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही. शेवटी सुवर्णा आली. तिच्या आईनं सर्टिफिकिटांची पिशवी तिच्या खांद्याला अडकवून तिला जवळजवळ ढकललंच. सुवर्णानं रिकाम्या पुढच्या सीटकडं पाहिलं, मग आमच्याकडं. गाडीत कुणी खोकलंसुद्धा नाही.

“बस की पुढं,” नाना म्हणाले. “नियमात बसतंय.”

तिनं मधलं दार उघडलं. “सरका ताई. मी चाळीसच्या वर हाय, पंचेचाळीसच्या न्हाई. पार्शलिटी नको.”

आणि बसली. नेमकी स्प्रिंगवर.

नाना स्टिअरिंग धरून तसेच बसून राहिले. मागून आप्पा ओरडले, “आरं मंग काढ की गाडी! अर्ज काय हितंच भरायचा हाय?”

सुवर्णाला नगरला प्रवेश मिळाला. आता ती तिकडंच हॉस्टेलवर असते. नानांनी टक्के विचारायचं सोडून दिलंय. जो आधी येईल तो हवं तिथं बसतो. मी हौसेनं पुढं बसते. ती सीट मधल्यापेक्षा वाईट आहे, पायाला इंजिनाची धग लागते, पण हे मी मागच्यांना सांगितलेलं नाही.

रंध्याच्या धबधब्याअलीकडं एक वळण आहे. आमच्या रस्त्यावर मोबाईलला धड रेंज येते ती तिथंच. हल्ली त्या वळणावर रोज जीपचं इंजिन तापतं. धुकं असो, थंडी असो, तापतंच. नाना उतरतात, बॉनेट वर करतात आणि त्याच्याआड उभे राहतात. मी पुढं असल्यामुळं मला सगळं ऐकू येतं.

“नाश्टा केला का? ... रगात बघून चक्कर तर न्हाई ना आली? ... आगं, मार्कांचं राहू दे. झोप लागती का तिकडं, ते सांग.”

मग नाक ओढल्याचा आवाज तेवढा येतो.

परवा मागच्या फळीवरचा एक नवखा माणूस कुरकुरला, त्याला एसटी गाठायची होती. आप्पांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून त्याला गप्प केलं, आणि खिडकीतून डोकं काढून हाक दिली, “सावकाश रंगा. निवू दे इंजिन.”