थुआनकाकांचा चोख नकाशा

खालच्या खोलीचा नकाशा जमिनीवर पसरून थुआनकाका त्याच्याभोवती रांगत होते. करवतयंत्र, भोक पाडायचं यंत्र, कामाचं टेबल, सगळ्यांचे मापात कापलेले कागदी तुकडे ते इकडून तिकडे सरकवत होते. हनोईतल्या त्यांच्या गल्लीतली सगळी घरं असतात तसंच हेही घर. उंचीला चार मजले आणि रुंदीला दोन्ही हात पसरले की संपलं.

"दुसऱ्या कुणाची एक वस्तू जरी हलली ना," शुएनकाकूंनी बजावलं, "तर तुमचा हा सुतारकारखाना थेट भंगारात. आत्ताच सांगून ठेवते."

"अगं, जन्मभर सरकारी इमारतींचे नकाशे काढलेत मी!"

"हो ना. त्यातल्या एकीत संडास काढायचा राहिला होता."

"ती साहेबांची चूक होती," काका गुरगुरले.

पण या वेळी चूक नको म्हणून काकांनी जिवाचं रान केलं. मुलगा-सून आपापल्या दुचाक्या घेऊन कामावर गेले की काका स्वतःची मोटारसायकल आणि काकूंची स्कूटर फुटपाथवर नेऊन लावायचे, मग निवांत टेप धरायचे. पूर्वजांच्या देव्हाऱ्याला धक्का नाही, जेवणाच्या चटईला नाही. गुडघे कुरकुरतात म्हणून काका एकटेच खाली झोपत. तो पलंगसुद्धा नकाशात झक्कास बसला. मग त्यांनी फणसाच्या लाकडाचं टेबल आणलं आणि यंत्रांसकट सिमेंटात पक्कं केलं.

"नुसतं ठेवा की! गाडताय कशाला?"

"टेबल हललं की काम बिघडतं. तुला नाही कळायचं."

संध्याकाळी दारात हॉर्न वाजला. "बाबा, सरका जरा, गाडी आत घेतो," मुलगा खोआ म्हणाला. त्याच्यामागे सून थोम, स्वतःच्या गाडीवर बसून. काकांचा चेहरा खर्रकन उतरला. वर्षानुवर्षं रोज रात्री चारही गाड्या स्वतःच्या हातांनी आत लावणाऱ्या या गृहस्थांनी नकाशा मात्र दिवसा काढला होता!

"बाहेरच ठेवल्या तर?" काका चाचरत म्हणाले.

"बाहेर?" थोम किंचाळली. "शेजाऱ्यांची गाडी कुलपासकट गेली, बाबा!"

काकूंनी हाताची घडी घातली. "बोला. भंगारवाल्याला हाक मारू?"

तरुणपणापासून उराशी धरलेला कारखाना डोळ्यांदेखत चालला होता. काकांना रडू यायचंच बाकी होतं. देव्हारा हलवणं पाप, टेबल सिमेंटात. फिरत फिरत त्यांची नजर पलंगावर आली.

"हा... माझा आहे," ते म्हणाले. "दुसऱ्या कुणाचा नाही."

पलंग गच्चीवर गेला. चारही गाड्या आत बसल्या आणि कारखाना वाचला.

जेवणं झाल्यावर काका यंत्राच्या दांड्याला मच्छरदाणी बांधून कामाच्या टेबलावर आडवे झाले. काकूंनी कात्री घेतली, कागदाचा एक छोटा माणूस कापला आणि नकाशावर टेबलाच्या चौकोनात चिकटवला.

"एवढंच काढायचं राहिलं होतं," त्या म्हणाल्या. "आणि पाय पोटाशी घ्या. थोमच्या गाडीचा आरसा फुटेल."

काकांनी पाय पोटाशी घेतले.