एकसष्ट टक्के मामा

आमच्या शहरात लग्नात मामाला भाचीच्या मागे उभं राहायचं असेल, तर त्याची फांदी निदान सत्तर टक्के टिकावी लागते. माझी एकसष्ट टिकली. ऋजुताचं लग्न चार दिवसांवर आलेलं, आणि जन्मल्यापासून तिला खांद्यावर मिरवलेला मी मामा नापास.

पद्धत तशी सरळ आहे. वंशवृक्ष कार्यालयातल्या कुरुंदवाडेबाई एका डब्यात खुणांच्या चिठ्ठ्या टाकतात: नाकाची ठेवण, शिंकेचा आवाज, चहा बशीत ओतणं. एक चिठ्ठी काढायची, टिपायची आणि परत डब्यात टाकायची, की पुन्हा दुसरी काढायची. त्यामुळे एखादी खूण तीनदा येते, एखादी येतच नाही. आल्या तेवढ्या खुणांवर अख्ख्या शहराचा वृक्ष मांडायचा. असं शंभर वेळा. त्यात मी आणि माझी थोरली बहीण, म्हणजे ऋजुताची आई, कुंदाताई जितक्यांदा एका फांदीवर येऊ, तितकं आमचं नातं.

"म्हणजे ती माझी बहीण आहे की नाही?" मी जरा चिडूनच विचारलं.

"ते आम्ही सांगत नाही," बाई म्हणाल्या. "याच खुणा उलटसुलट केल्या तर फांदी किती टिकते, एवढंच सांगतो."

"आणि खुणाच फसव्या असल्या तर?"

"तर चूकसुद्धा शंभर टक्के टिकते."

त्यांनी चहा मागवला. मी तो मुद्दाम बशीत ओतला, पण त्यांचं लक्ष नव्हतं.

खुणा वाढवल्या तर टक्के वाढू शकतात, असं त्या म्हणाल्या. सोबत आलेल्या कुंदाताईला एकदम आठवलं, की पाणी पिण्याआधी आम्ही दोघं भांड्यावर टिचकी मारतो. ती आमच्या आईची सवय. आम्हाला काय आनंद झाला! बाईंनी चिठ्ठी टाकली आणि पुन्हा शंभर वृक्ष मांडले.

मी अडतीसवर आलो. पेठेत मिक्सर दुरुस्त करणारे कोणी मिराशी नावाचे गृहस्थ आहेत, तेही टिचकी मारतात. कुंदाताईबरोबर त्यांची फांदी शहाण्णव टक्के टिकली. माझी फांदी नवऱ्या मुलाच्या आईकडे, माईणकरबाईंकडे सरकली. कानाची पाळी आणि मोठ्याने वाचायची खोड यांवर चौऱ्याऐंशी टक्के.

रविवारी अंतरपाट धरला, तेव्हा मी नवऱ्या मुलामागे उभा होतो. पलीकडे ऋजुतामागे मिराशी. ते खरोखर रडत होते. ऋजुता पाटावरून मान उंचावून मला शोधत होती.

पंगतीत कुंदाताई वाढायला आली. जन्मभर बाळ्या म्हणत आली मला. माझ्यापुढे ती क्षणभर थांबली.

"सावकाश होऊ द्या," ती म्हणाली. "संकोच करू नका."

"छे हो, विहीणबाई," मी म्हणालो.

तहान लागली होती. भांड्यावर टिचकी मारायला मी बोट उचललं आणि परत खाली घेतलं. आमच्याकडे तशी पद्धत नाही.